मुलुंड ते मढ, बरंचसं उलटं

आमच्या बिल्डिंगीतले देशपांडे मागच्या वर्षी काश्मीरला गेले आणि अजून परत आलेले नाहीत. म्हणजे देहाने आलेत, पण जिन्यात भेटले की अजून शिकाऱ्यात बसल्यासारखेच बोलतात. ‘आम्ही गुलमर्गला असताना’ असं त्यांनी सुरू केलं की मी इतके दिवस निमूट पिशवी खाली ठेवून ऐकत असे. आता नाही ऐकणार. आता मीही प्रवास केलाय. मुलुंडहून मढला. अंतर म्हणाल तर धड चाळीस किलोमीटरही नसेल. मला तीन दिवस लागले, आणि त्यातला काही भाग मी पाठमोरा गेलो. देशपांड्यांनी हे करून दाखवावं.

ज्यांना हा प्रवास घडलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. घडू नये अशीही प्रार्थना करतो.

निघण्याआधीची भानगड

स्कूटरच्या बुकिंगला नंबर लावून सहा वर्षं झाली, नंबर काही येईना. शेवटी वैतागून मी घाटकोपरच्या एका गृहस्थांकडून जुनी चारचाकीच घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचा दोष नव्हता, हे पुढे कळेलच. रंग एकेकाळी क्रीम असावा. ‘एकहाती वापरलेली आहे,’ असं ते गृहस्थ म्हणाले. खरंच होतं ते. दुसरा हात दार धरून ठेवायला लागायचा.

पण चालायला गाडी झकास! पहिले आठ दिवस लोण्यासारखी चालली. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खालीच होती. दांडी हलवली की तिला जोडलेली एक सळई बॉनेटच्या आत हलायची, ती सळई खाली गिअरबॉक्सला सांगायची, आणि गिअर पडायचा. मला गाडीतलं एवढंच कळतं, आणि तेही आता कळतं. तेव्हा मी कळल्यासारखा चेहरा करत असे.

नवव्या दिवशी पहिला गिअर पडेना. अकराव्या दिवशी पहिला पडला पण दुसरा गेला. मग दोन्ही पडले आणि तिसरा रुसला. असा गिअरबॉक्स मी ऐकला नव्हता. एखादा गिअर कायमचा मेला तर माणूस रडून मोकळा होतो. इथे रोज वेगळाच आजारी.

आमच्या गल्लीतल्या भास्कर मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. ‘साहेब, आतले दाते गेलेत,’ म्हणाला. तीनशे रुपये घेतले. गाडी चार दिवस चालली. पुन्हा उतरवला. ‘साहेब, आता रिंगा गेल्यात.’ साडेतीनशे. पुन्हा चार दिवस. प्रत्येक वेळी तो गाडी माझ्या डोळ्यांदेखत गल्लीत फिरवून दाखवायचा, सगळे गिअर टकाटक पडायचे, मी पैसे द्यायचो, आणि घरी आणली की हिचा थयथयाट सुरू.

आई मात्र प्रत्येक वेळी गॅरेजात यायची. आई मालवणकडची, वय सत्तरच्या पुढे, आणि मिस्त्री लोक फसवतात यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ती मला बाजूला काढायची. ‘वसंता, तू जा, चाय पिवन ये. माझा मिस्त्रीकडे जरा काम आसा.’ मला वाटायचं, म्हातारी घासाघीस करतेय. मी समाधानाने चहा प्यायचो.

एकच गोष्ट मी सुरुवातीलाच बजावली होती. माझ्या गाडीला लिंबूमिरची लागणार नाही, बाहुली लटकणार नाही, काळा दोरा बांधला जाणार नाही. मी बँकेत आहे, हातगाडी चालवत नाही. आई ‘बरा’ म्हणाली होती. आई ‘बरा’ म्हणाली की माणसाने सावध व्हावं, हे मला पन्नाशीला आलो तरी कळलेलं नाही.

मग एके दिवशी सुषमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, स्फोट झाला. तिच्या ऑफिसातली फिलोमिना मढला राहते. तिने आम्हा तिघांना रविवारी एक वाजता जेवायला बोलावलं होतं.

‘अहो, ऐका,’ सुषमा म्हणाली. ‘रविवारी एक वाजता मी या गाडीतून फिलोमिनाच्या दारात उतरले, तर गाडी राहील. रिक्षा करावी लागली, टॅक्सी करावी लागली, नुसता धक्का जरी मारावा लागला, तरी सोमवारी भंगारवाला. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हणालो.

शुक्रवारची सुट्टी होती. मी ठरवलं की एकदम मढ गाठायचं नाही. पहिला मुक्काम अंधेरीला मावशीकडे, शनिवारी जोगेश्वरीची लेणी, रविवारी मढ. गाडीला दम लागायला नको.

मुलुंड ते पवई

सकाळी नऊला निघालो. पुढे मी आणि सुषमा, मागे आई. आईसोबत घावणे, लसणीची चटणी, थर्मास, उशी आणि छत्री.

‘आई, अंधेरीला चाललोय, विलायतेला नाही,’ मी म्हणालो.

‘तुझ्या गाडयेन अंधेरीच विलायत आसा,’ आई म्हणाली.

देशपांडे गॅलरीत उभे होते. त्यांनी हात हलवला. मी पहिला गिअर टाकला, तो पडला, आणि मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बास.

भांडुप छान गेलं. भांडुपबद्दल मला एवढंच सांगायचंय. कांजूरला डावीउजवीकडे न बघता पवईच्या रस्त्याला लागलो. चढ सुरू झाला, गाडी धापा टाकायला लागली, मी दुसरा गिअर टाकायला गेलो तर दांडी हलेना. पहिला टाकायला गेलो, नाही. गाडी थांबली. मागे एक ट्रक थांबला. त्याच्या ड्रायव्हरने माझ्या खानदानाचा उल्लेख केला.

‘वाट लागली,’ मी म्हणालो.

‘अजून पवईच आहे,’ सुषमा घड्याळ बघत म्हणाली.

रस्त्याच्या कडेला एक सायकलवाला पाय टेकून हे सगळं बघत होता. सायकलला दुधाच्या बरण्या लावलेल्या होत्या. तो म्हणाला, ‘साहेब, रिव्हर्स पडतो काय बघा. सगळ्यात जास्त ताकद त्यातच असते.’

रिव्हर्स पडला. मुकाट पडला, जणू इतका वेळ कुणी विचारत नव्हतं म्हणूनच थांबला होता. मग सायकलवाल्याने दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली, मी गाडी कशीबशी फिरवून तोंड मुलुंडकडे केलं, आणि आम्ही पवईचा चढ पाठीने चढायला लागलो.

मान मागे वळवून गाडी चालवताना माणसाला फक्त स्वतःची आई दिसते. आई समोर बघत होती. सुषमाने पदर तोंडावर ओढून घेतला होता. ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करत होते. एका बसमधल्या सगळ्या शाळकरी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

‘ह्या बरा आसा,’ आई म्हणाली. ‘घराकडे बघीत बघीत जावक मेळता.’

पवईचा तलाव सगळेच बघतात, पण असा नाही. सरळ जाताना तलाव हळूहळू उघडत जातो म्हणतात. आम्हाला तो एकदम सबंध दिसला आणि मग हळूहळू मिटत गेला. काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा होता. त्याने आम्हाला पाहिलं, गळ गुंडाळला आणि तो घरी गेला.

चढ संपल्यावर एक मोठा खड्डा आला, गाडी दणकन आदळली, आणि दांडी पुन्हा मोकळी! पाचही गिअर पडायला लागले. मला वाटलं, गाडीला शरम वाटली असावी. गाडी सरळ केली आणि साकीनाक्याच्या दिशेने अशी सोडली की सुषमाने पदर खाली घेतला.

अंधेरी

पूर्व आणि पश्चिम उपनगरांच्या चालीरीतींत फरक आहे, तो इथे नोंदवून ठेवतो. मुलुंडात गाडी बंद पडली की लोक विचारतात, ‘काय झालं?’ अंधेरीत विचारत नाहीत. काय झालंय ते तेच सांगतात. अंधेरी स्टेशनाजवळच्या सिग्नलला तिसरा गिअर अडकला आणि दोन मिनिटांत सात जण जमले. एकाने क्लच प्लेट सांगितली. दुसऱ्याने गिअर ऑइल. तिसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून वाकून म्हणाले, ‘घेतली तेव्हा नारळ वाढवला होता का?’

‘असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही,’ मी म्हणालो.

मागच्या सीटवर आईला एकदम ठसका लागला.

तेवढ्यात एक बस बाजूने घासून गेली, गाडी हलली, गिअर सुटला. सातही जणांनी आपलंच बरोबर होतं म्हणून सांगितलं. मावशीकडे पोचलो. मावशीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दोन दिवस मावशीच्या घरात गाडीचं नाव काढायचं नाही असा सुषमाने हुकूम सोडला, म्हणून मीही इथे काढत नाही.

जोगेश्वरी

शनिवारी लेणी बघायला निघालो. मी माहिती वाचून ठेवली होती, कुठला खांब कुठे वगैरे. लेण्यांच्या अलीकडच्या गल्लीत गाडीने सगळेच गिअर एकदम नाकारले. अगदी रिव्हर्ससुद्धा. नशीब चांगलं म्हणा की वाईट, वीस पावलांवर एक गॅरेज होतं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरा, असे एक हमीदभाई तिथे स्टुलावर बसले होते.

सुषमा म्हणाली, ‘तुम्ही दोघं बसा. मी लेणी बघून येते.’ आणि गेलीसुद्धा.

‘वसंता, चाय पिवन ये,’ आई म्हणाली.

मी समोरच्या हॉटेलात बसलो. तिथून बघतोय तर आई हमीदभाईंशी हातवारे करून बोलतेय. तिला हिंदी येत नाही, त्यांना मालवणी येत नाही. पण बराच वेळ बोलणं झालं आणि दोघांनाही पटलेलं दिसलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं, आतून लाल असं काहीतरी काढलं, आणि ते दोन्ही हातांत धरून आत कपाटावर नेऊन ठेवलं. मला वाटलं, गाडीचाच एखादा भाग असेल. म्हटलं ना, मला तेव्हा काही कळत नव्हतं.

मी परत गेलो. हमीदभाई गाडीखाली शिरले, मीही देखरेख करायला शिरलो. लेणी मी पाहिली नाहीत, पण त्या गाडीचं पोट पाहिलं. तेही काळोखी होतं आणि तिथेही गळत होतं. सुषमा नंतर लेण्यांचं जे वर्णन करत होती ते मी आधीच पाहून बसलो होतो.

दीड तासाने ते बाहेर आले. गाडी घेऊन गल्लीला दोन चकरा मारल्या. टकाटक! मोकळ्या दांडीचा तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

‘साब,’ हमीदभाई हात पुसत म्हणाले, ‘इसमें कुछ है ही नहीं. तेल बदली किया, सफाई किया. गिअर का डब्बा तो नये जैसा है.’

‘मग पडत का नाही?’

ते आईकडे बघायला लागले. आईने डोळे मोठे केले.

‘माँजी की बात मानना अच्छी बात है, साब,’ ते सावकाश म्हणाले. ‘लेकिन...’

‘चाय!’ आई ओरडली.

मी पुन्हा चहाला गेलो. तो माझा त्या दिवशीचा चौथा चहा. परत आलो तेव्हा बॉनेट लागलेलं होतं, हमीदभाईंनी तेलाचे आणि मेहनतीचे मिळून एकशेवीस घेतले आणि मला खांद्यावर थोपटलं, घरात कुणी गेलं की थोपटतात तसं. मला राग आला. पण गाडी मावशीच्या दारापर्यंत सरळ गेली, म्हणून मी राग गिळला.

मालाडच्या पुढे

रविवारी साडेदहाला निघालो. गोरेगाव, मालाड, सगळं सुरळीत. मी शीळ घालत होतो. मार्व्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा आईने पाटी वाचली.

‘मालवणी? हयसर आपलीच माणसां आसतली.’

‘नुसतं नाव आहे, आई.’

‘नाव उगीच ठेवणत नाय,’ आई म्हणाली आणि खिडकीतून ओळखीचं कुणी दिसतंय का बघायला लागली.

बारा वाजून पाच मिनिटांनी, नारळीची झाडं सुरू झाली, खारट वारा यायला लागला, आणि दांडी अडकली. वर नाही, खाली नाही. मी ओढली, ढकलली, समजावली. शेवटी तिला नको ते बोललो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी. मढ अजून लांब.

सुषमा उतरली, साडी नीट केली, आणि समोरून येणाऱ्या रिकाम्या रिक्षेला हात केला. रिक्षा थांबली. तिने एक पाय आत ठेवला.

‘अगं, थांब ना जरा!’

‘पन्नास मिनिटं आहेत,’ ती म्हणाली. ‘मी फिलोमिनाला एक म्हणाले आहे.’

माझी गाडी चालली होती. सहा वर्षं नंबर लावूनही जी मिळाली नाही ती चाकं, पवईचा चढ पाठीने चढलेली, उद्या भंगारवाल्याच्या तराजूत जाणार होती. मला इतकं वाईट वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः बॉनेट उघडायला गेलो. ते कसं उघडतात ते मला माहीत नव्हतं. मी बुक्की मारली. मग सुषमाच रिक्षेतला पाय काढून आली, कुठलीशी खिट्टी ओढली, बॉनेट उघडलं, आणि ती परत जाऊन रिक्षेत पाय ठेवून उभी राहिली.

आत, स्टिअरिंगकडून खाली जाणाऱ्या त्या सळईच्या आणि पत्र्याच्या मध्ये, लाल फडक्यात बांधलेला, तारेने आवळलेला, चांगला मोठा नारळ होता. तार सैल झाली होती. नारळ घसरून सळईवर असा बसला होता की दांडी हलणार कशी? खड्डा आला की तो इकडे सरकायचा, खड्डा आला की तिकडे. रोज वेगळा गिअर का आजारी पडायचा ते मला तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं.

‘आई!’

आई गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, ‘तू लिंबू नको म्हणालंस. मिरची नको म्हणालंस. नारळ नको असा म्हणूक नाय होतंस.’

‘आणि भास्कर? हमीदभाई?’

‘दोगांकय शपथ घातलंय. काम करताना काढायचो, झाला की होता थयसर ठेवायचो. भास्कर तर त्येका तीन दिस उदबत्ती लावी. हमीदभाय म्हणालो, माँजी, हटाव. मी वर बोट दाखयलंय. देवाचो म्हटल्यार गप रवलो बिचारो. धुतल्या फडक्यात बांधून दिल्यान.’

म्हणजे दोन शहाण्या कारागिरांनी नारळ काढला, गाडी ठणठणीत असल्याचं पाहिलं, आणि देवाचा म्हणून तो मान राखून पुन्हा सळईवर ठेवला! पावणेआठशे रुपयांना! मी नारळाला हात घातला.

‘हात लावू नको!’ आई इतक्या जोरात ओरडली की रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ‘देवाक सांगलंय मी. गाडयेच्या काळजाकडे ठेवतंय, पयलो लांबचो प्रवास सुखरूप झालो की पोचल्या जाग्यार वाढवीन. पोचल्याशिवाय काढूचो नाय.’

‘अगं, काढल्याशिवाय पोचणार नाही!’

‘पोचल्याशिवाय काढूचो नाय.’

‘आई, तो तिथे आहे म्हणून तर...’

‘माका कळता. पण शब्द दिलो आसा.’

मी डोक्याला हात लावून बंपरवर बसलो. सुषमा म्हणाली, ‘बारा पंचवीस.’

थोड्या वेळाने आईच म्हणाली, ‘गाऱ्हाणां घालून देवाक विचारलंय तर? नारळ काळजाकडून काढून माझ्या मांडयेर घेव काय म्हणान?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणात गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे सगळ्यांदेखत मांडलेलं मागणं. एक जण मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्याकडे देवाशी झालेला करार बदलायची एवढीच रीत आहे.

‘घाल, घाल! आत्ता घाल!’

‘पाच तोंडां होयी,’ आई म्हणाली. ‘घालणारो सोडून पाच. आमच्या घराण्यात पाचशिवाय चलणत नाय.’

त्या रस्त्यावर पाच तोंडं आणायची कुठून? मी, आणि दुसरं कोण? तेवढ्यात मागून एक उघडी जीप आली आणि तिच्यात तीन दरोडेखोर होते. काळे कपडे, कपाळावर हातभर टिळे, छातीवर लाकडी गोळ्यांचे पट्टे. मढच्या कुठल्याशा बंगल्यात शूटिंग होतं, तिथे चालले होते. एकाची मिशी अर्धी सुटून गालावर आली होती.

‘धक्का मारू काय?’ मिशीवाल्याने विचारलं.

‘धक्का नाही!’ मी किंचाळलो. ‘धक्का चालत नाही! फक्त व्हय म्हाराजा म्हणा!’

मिशीवाल्याचा सगळा चेहरा उजळला. ‘गाऱ्हाणां? कोण, आजये, तू घालतंस? खयची गे तू? मी कणकवलीचो!’

‘बग, सांगलंय ना, आपलीच माणसां आसतली,’ आई मला म्हणाली, आणि गाडीतून खाली उतरली.

कणकवलीच्या दरोडेखोराने बाकीच्या दोघांना काय म्हणायचं ते शिकवलं. मी आणि तिघं, चार. मी रिक्षावाल्याकडे पाहिलं.

‘आपल्याला जमणार नाय साहेब, मीटर चालू आहे,’ तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

मग राहिली एकच. सुषमा एक पाय रिक्षेत ठेवून उभी होती. ती गप्प राहिली असती तर गाडी सोमवारी गेली असती, पैज तिची झाली असती. मी तिला काही विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

आईने पदर खोचला, हात जोडले आणि समुद्राच्या बाजूला तोंड केलं.

‘बा देवा म्हाराजा! आज हयसर मार्व्याच्या वाटेर तुझी लेकरां उभी आसत. ही माझी सून, हो माझो झील, आणि हे तीन... ह्ये पाहुणे. तुझो नारळ इंजिनाच्या काळजाकडे ठेवलंय, तो आता माझ्या मांडयेर घेवची परवानगी दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही चौघं ओरडलो. आई थांबली. पाचवा आवाज आला नव्हता. दरोडेखोरही थांबले. रिक्षेचं मीटर तेवढं टिकटिकत होतं.

सुषमाने रिक्षेतला पाय खाली घेतला.

‘व्हय म्हाराजा!’ ती म्हणाली. पार्ल्यात वाढलेली बाई, कोकण कधी नीट पाहिलेलं नाही, पण असा खणखणीत आवाज काढला की माडावरचा कावळा उडाला.

मग आईला जोर चढला. ‘ह्या गाडयेचे चार गिअर आणि एक उलटो, पाचय बिनघोर पडांदेत रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ज्या मिस्त्र्यांनी ह्येचे पैशे खाल्ले, त्येंचाय बरा कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ इथे माझा आवाज जरा बारीक निघाला, हे कबूल करतो.

नारळ आईच्या मांडीवर गेला. सुषमाने रिक्षावाल्याचे पैसे चुकते केले. त्याने थांबल्याचे जास्त मागितले, तेव्हा कणकवलीच्या दरोडेखोराने मिशी नीट चिकटवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी गाडीत बसलो, देवाचं नाव घेतलं, मी, बँकेतला माणूस, आणि दांडी ओढली. पहिला पडला.

मढ

अक्सा गेलं, एरंगळ गेलं. डावीउजवीकडे माड, मध्येच समुद्राचा तुकडा, वाळत घातलेल्या मासळीचा वास, पांढऱ्याशुभ्र छोट्या देवळांसारखे क्रूस. मागून जीपमधले तिघं प्रत्येक गिअर बदलला की ‘व्हय म्हाराजा’ ओरडत होते. काश्मीरमध्ये असं काही असेल असं मला वाटत नाही. एक वाजायला सात मिनिटं असताना सुषमा आमच्या गाडीतून, आमच्या चाकांवर, फिलोमिनाच्या दारात उतरली.

आईने तिथेच पायरीच्या दगडावर नारळ वाढवला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या, आतून पांढराफेक. फिलोमिनाच्या आईने काही विचारलं नाही. हात पुसत बाहेर आल्या, दोन्ही वाट्या उचलल्या, म्हणाल्या, ‘बरा झाला, घरात नारल कमीच व्हता,’ आणि आत नेऊन खवल्या आणि खोबरं थेट पाट्यावर वाटायला घेतलं. आमच्याकडे प्रसादाचं खोबरं असं पापलेटाच्या कालवणात जात नाही. पण आई म्हणाली, देव समुद्राकाठचोच आसा, त्येका चलात. मी तीनदा भात घेतला. पावणेआठशे रुपयांच्या नारळाचं कालवण पुन्हा कधी मिळणार आहे?

परत येताना आई मागे झोपली होती. गिअर असे पडत होते की मी गरज नसताना बदलत होतो. मालाड आलं तेव्हा मला राहवेना.

‘सुषमा, एक विचारू? तू गप्प राहिली असतीस तर जिंकली असतीस. मग म्हणालीस कशाला?’

तिने मागे वळून आई झोपलीय ना ते पाहिलं. मग म्हणाली, ‘कुणाला सांगणार नाही ना?’

‘नाही.’

‘अहो, गाडी घेतल्यापासून मी ऑफिसात सगळ्यांना सांगतेय, आमच्याकडे गाडी आहे, आमच्याकडे गाडी आहे. फिलोमिनाला खरंच वाटत नव्हतं. म्हणून तर तिने जेवायला बोलावलं. तिच्या दारात मी रिक्षेतून उतरले असते तर सोमवारी ऑफिसात तोंड दाखवायची सोय राहिली असती का?’

मी दुसरा गिअर टाकला. पडला. मागून झोपेतच आई म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’